कफीलाची सही

जुलै २०१६ सरत आला तेव्हा जेद्दाहमधल्या ‘सौदी ओजेर’ कंपनीच्या कामगार-छावण्यांतली मेस बंद पडली. कंपनी काही ऐरीगैरी नव्हती. पुढे लेबनॉनचे पंतप्रधान झालेले रफीक हरिरी यांनी ती उभी केली होती. रियाधचं रिट्झ-कार्लटन हॉटेल तिनेच बांधलं. पण २०१४ पासून तेलाचे भाव गडगडले, सरकारने ठेकेदारांची बिलं थकवली आणि ओजेरने आपल्या माणसांचे पगार. कुणाचे सात महिन्यांचे, कुणाचे आठ. पगार नसला तरी छावणीत निदान जेवण मिळत होतं, आता तेही थांबलं. ३० जुलैला परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ट्विटरवर जाहीर केलं की सौदीतला एकही बेकार भारतीय उपाशी राहणार नाही. जेद्दाहच्या भारतीय वाणिज्य दूतावासातली माणसं तिथल्या भारतीय रहिवाशांना हाताशी धरून शिधा घेऊन छावण्यांकडे निघाली. अशा वीसेक छावण्यांत सात हजारांहून अधिक भारतीय अडकले होते.

कुणीही विचारेल, कंपनी बुडाली तर माणसाने दुसरी नोकरी धरावी, नाहीतर घरी यावं; छावणीत उपाशी कशाला बसावं? उत्तर त्यांच्या खिशातल्या कार्डात होतं. इकामा म्हणजे सौदीतला रहिवासाचा परवाना. मुदत संपली की कंपनीने पैसे भरून तो वाढवून घ्यायचा असतो. ओजेरने ते सोडून दिलं होतं, त्यामुळे कंपनीनेच दिलेल्या खोलीत बसलेली माणसं कायद्याच्या लेखी बेकायदा झाली होती. दुसऱ्या कंपनीत जायचं तर नकल, म्हणजे कागदोपत्री मालक बदलून घेणं, आलं. त्या कागदावर जुन्या कंपनीची सही लागे. घरी परतायचं तर खुरूज, म्हणजे देश सोडण्याचा व्हिसा; तोही मालकाच्या संमतीशिवाय निघत नसे. आणि मालकांनी तर कारभार गुंडाळून देश सोडलाय, हे स्वराज यांनीच संसदेत सांगितलं. सही करणारा हात जागेवर नाही आणि सहीवाचून माणूस हलू शकत नाही, असा तो पेच.

तो सुटला राजाच्या हुकुमाने. परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह जेद्दाहला गेले, वाटाघाटी झाल्या आणि राजे सलमान यांच्या सरकारने मालकाला वगळून खुरूज द्यायचं, तिकिटाचा खर्च उचलायचा आणि ज्यांना तिथेच दुसरीकडे लागायचं असेल त्यांना नकल करून द्यायची, असं मान्य केलं. थकलेल्या पगाराचं काय? दाव्याचा कागद दूतावासात भरून द्या आणि घरी या, असं कामगारांना सांगण्यात आलं. वर्षभराने, जुलै २०१७ मध्ये, ओजेरला कायमचं टाळं लागलं.

आखातातल्या या व्यवस्थेला कफाला म्हणतात आणि ज्याच्या नावावर परदेशी माणूस राहतो तो कफील. कफाला म्हणजे वाळवंटातली जुनी रीत, पाहुण्याची जबाबदारी यजमानाने घ्यायची बेदुइनांची परंपरा, असं आखाती अधिकारी सांगत आले आणि परदेशी पत्रकार लिहीत आले. या सांगण्यात तथ्य आहे, पण सोयीपुरतं. पाहुण्याला संरक्षण द्यायची रीत अरबांत होतीच. पण माणसाचा रहिवास, त्याची नोकरी आणि घरी परतायचा रस्ता या तिन्हींच्या चाव्या एकाच्या हाती देणं हे कुठल्याही तंबूतल्या पाहुणचारात बसत नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागल्या. एक मोत्यांच्या धंद्यातली होती. दुसरी साहेबाच्या कचेरीत तयार झाली, आणि तिचे धागे मुंबईपर्यंत येतात.

आधी मोती. तेल सापडण्यापूर्वी बहरीन, कुवेत, कतार आणि दुबईचा किनारा मोत्यांवर जगत होता आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. उन्हाळ्याचे चार महिने जहाजं समुद्रात असत. तळाशी बुडी मारणारा तो गैस, त्याचा दोर वर ओढणारा तो सैब आणि जहाजाचा धनी नाखुदा. हंगाम सुरू व्हायच्या आत नाखुदा पाणबुड्याला आगाऊ रक्कम देई, आपल्याकडचा ऊसतोडीचा मुकादम गाळपाआधी उचल देतो तशी. त्या पैशावर मागे राहिलेलं घर चाले. हंगाम संपला की हिशेब, आणि हिशेबाची वही नाखुद्याकडे. मोती कमी निघाले, भाव पडला, तांदूळ महागला, काहीही झालं तरी बाकी पाणबुड्याच्या नावावर चढे. ती फिटली नाही तर बाप मेल्यावर मुलाच्या अंगावर येई.

या धंद्यात एक कागद होता, बरवा. पाणबुड्याला धनी बदलायचा असेल तर जुन्या नाखुद्याने लिहून द्यायचं की याच्याकडे माझी अमुक इतकी बाकी आहे, किंवा काही बाकी नाही. हा कागद हातात नसेल तर दुसरा नाखुदा त्याला जहाजावर घेत नसे. बाकी असेल तर नव्या धन्याने ती आधी भरायची, म्हणजे माणूस कर्जासकट एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर जाणार. मेजर डेली हे बहरीनमध्ये ब्रिटिशांचे राजकीय एजंट असताना, १९२० च्या दशकात, प्रत्येक पाणबुड्याला स्वतःची हिशेबवही द्यायची सुधारणा त्यांनी रेटली. नाखुदे खवळलेच, पण गंमत अशी की पुष्कळ पाणबुडेही नाराज झाले, कारण हिशेब चोख झाला तशी उचल आटली. १९३२ मध्ये उचल कमी मिळते म्हणून पाणबुड्यांनी बहरीनमधल्या मनामामध्ये दंगल केली. तोवर जपानच्या कल्चर मोत्यांनी आणि जागतिक मंदीने धंद्याचा कणाच मोडला होता.

त्याच वर्षी, १९३२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर, बहरीनच्या जबल दुखान या टेकडीपाशी तेल लागलं. बहरीन पेट्रोलियम कंपनी, सगळे म्हणतात ती बापको, अमेरिकन मालकीची पण ब्रिटिशांच्या अटींवर चालणारी. तिला कारकून हवे होते, फिटर, सुतार, ड्रायव्हर, टायपिस्ट हवे होते. स्थानिकांत शिकलेले थोडे. इराणी कामगार जवळ होते, स्वस्त होते. पण इराण बहरीनवर हक्क सांगत होता आणि १९२७ मध्ये त्याने राष्ट्रसंघाकडे तशी तक्रारही नेली होती. इराण्यांची गर्दी बेटावर वाढलेली ब्रिटिशांना नको होती. मग राहिला हिंदुस्थान, म्हणजे मुंबई आणि कराची.

आखाताचा ब्रिटिश कारभार तेव्हा हिंदुस्थान सरकारकडे होता, आणि त्याआधी १९ व्या शतकात बराच काळ तो थेट मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता. बहरीनमध्ये रुपया चाले. परदेशी लोकांचे खटले ब्रिटिश एजंट चालवी, तेही बहुतांशी हिंदुस्थानातलेच कायदे लावून. १९१३ च्या ‘ऑर्डर इन कौन्सिल’ने त्याला तो अधिकार दिला होता, अंमल सुरू झाला १९१९ मध्ये. पण एजंटाकडे ना मोठी पोलीस फौज, ना बंदरावर मोजणी करायला माणसं. बेटावर कोण उतरलं, कुठे कामाला आहे, काम सुटल्यावर कुठे गेलं, हे बघणार कोण? ज्याने आणलं त्याने बघावं. हिंदुस्थानातून येणाऱ्यासाठी आधी ना-हरकत प्रमाणपत्र, त्या प्रमाणपत्रामागे नोकरी देणाऱ्याची हमी आणि नोकरी संपली की परत पाठवायची जबाबदारी त्याच्याच गळ्यात. बहरीनी इतिहासकार उमर अल-शिहाबी यांनी २०१९ मध्ये हीच मांडणी कागदपत्रांच्या आधारे केली: आजचा कफाला हा वसाहती कारभाराने स्वस्तात पोलिसी करण्यासाठी जुळवलेला प्रकार आहे. मला ती पटते. आखातात आजही या कागदाला एनओसी म्हणतात. हे साहेबी नाव बेदुइनांनी ठेवलेलं नाही, एवढं तर उघड आहे.

काम सोडलं की देश सोडायचा, हा धडा हिंदी कामगारांना तेलाच्या धंद्याने त्याआधीच दिला होता. इराणच्या किनाऱ्यावर अबादानला अँग्लो-पर्शियन कंपनीची रिफायनरी होती आणि तिच्यासाठी माणसांची भरती मुंबईतूनही होई. करार मुंबईत व्हायचा आणि बोटही मुंबईतूनच सुटायची. १९२० मध्ये तिथल्या हिंदी कामगारांनी संप करून पगार वाढवून घेतला. १९२२ मध्ये पुन्हा संप केला तेव्हा कंपनीने त्यांना कामावरून काढलं आणि बोटीत बसवून हिंदुस्थानात परत पाठवलं. स्थानिक मजूर संपावर गेला तर घरी जाऊन बसतो. परदेशी मजुराला बसायला घरच नसतं. कंपन्यांना हे फार लवकर उमगलं.

ब्रिटिश गेले, कागद राहिला. सौदी अरेबिया ब्रिटिशांच्या ताब्यात कधीच नव्हता, तरी त्याने १९५२ मध्ये इकाम्याचा कायदा केला. कुवेतचा परदेशी लोकांच्या रहिवासाचा कायदा १९५९ चा, म्हणजे स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधीचा. संयुक्त अरब अमिराती १९७१ मध्ये जन्मली आणि १९७३ मध्ये तिचा कायदा आला. त्याच वर्षाच्या अखेरीला तेलाचे भाव चौपट झाले आणि या गरीब किनाऱ्याला पैसा कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. रस्ते, बंदरं, विमानतळ, इस्पितळं, सगळं एकदम उभं करायचं होतं आणि माणसं नव्हती.

इथे कफीलाचं रूप बदललं. बापकोच्या काळात हमी देणारी होती एक मोठी कंपनी. आता प्रत्येक नागरिक कफील होऊ शकत होता, मग तो कोपऱ्यावरचा दुकानदार असो, सरकारी शिपाई असो की निवृत्त मास्तर. राज्याने परदेशी माणसावर लक्ष ठेवायचं काम नागरिकांत वाटून टाकलं आणि त्याबरोबर त्यातून मिळणारी कमाईही वाटून टाकली. व्हिसा विकला जाऊ लागला. ‘फ्री व्हिसा’ हा शब्द मुंबईतल्या एजंटांच्या तोंडी याच काळात रुळला. फ्री म्हणजे फुकट नव्हे, उलट सगळ्यात महाग तोच. कागदावर अमुक शेखच्या दुकानात कामाला, प्रत्यक्षात बाहेर मिळेल ते काम करायचं आणि शेखला दर महिन्याला किंवा वर्षाला ठरलेली रक्कम द्यायची. पकडला गेला तर शेख म्हणणार, हा माझ्याकडून पळाला. त्या पळून जाण्याला अरबीत हुरूब म्हणतात. कफीलाने हुरूब नोंदवला की कामगाराचा इकामा बाद, नोकरी बाद, सापडला की तुरुंग आणि मग देशाबाहेर. पगार मागितला म्हणून हुरूब, नकल मागितली म्हणून हुरूब. असं किती जणांच्या बाबतीत झालं ते आखातातून परतलेल्यांना विचारावं. नोकरी गेली तरच रहिवास जातो असं नाही. नोकरी चालू असतानाही तो एका तक्रारीवर जाऊ शकतो, ही त्यातली मेख.

चिपळूण, खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, महाड या पट्ट्यातली, विशेषतः कोकणी मुसलमानांची, घरं या पैशावर उभी राहिली. आधी ही माणसं बोटीने जात. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहरीन, कुवेत करत बसऱ्याला पोचत. त्यातली ‘दारा’ १९६१ च्या एप्रिलमध्ये दुबईजवळ स्फोट होऊन बुडाली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. शेवटची ‘द्वारका’ १९८२ मध्ये थांबली. तोवर सगळे विमानाने जाऊ लागले होते. डोंगरी, मशीद बंदर, भेंडी बाजार या भागात एजंटांच्या खोल्या, खोलीबाहेर जिन्यावर रांग. ट्रेड टेस्ट, मेडिकल, स्टॅम्पिंग. सोनं गहाण, नाहीतर जमिनीचा तुकडा. भारत सरकारने १९८३ मध्ये उत्प्रवास कायदा केला, एजंटांना नोंदणी सक्तीची केली, कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टवर तपासणीचा शेरा आणला आणि ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’च्या कचेरीतून मंजुरी घ्यायला लावली. विमानात बसेपर्यंतच्या फसवणुकीला त्याने थोडा तरी चाप बसला. विमान उतरल्यावर पुढचं सगळं कफीलाच्या हाती.

रहिवास किती तकलादू असतो ते १९९० ने दाखवलं. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि एका रात्रीत नोकऱ्या, बँका, दिनार, सगळंच निकामी झालं. तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले. माणसं बसने आणि ट्रकने बसरा, बगदाद करत जॉर्डनमधल्या अम्मानला पोचली आणि तिथून एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून त्यांना मुंबईत आणलं. ही गोष्ट आपल्याकडे सिनेमामुळे पाठ झाली आहे, म्हणून लांबवत नाही. तिची शेपूट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी भरपाई आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या पैशातून कुवेत सोडावं लागलेल्यांना रकमा दिल्या; त्यात भारतीय कामगारही होते. आखातातली नोकरी सुटली म्हणून परदेशी कामगारांना एवढ्या मोठ्या संख्येने नुकसानभरपाई मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. ती दिली कुणी, तर त्यांच्या कफीलांवर चालून आलेल्या देशाने.

१९९० च्याच सप्टेंबरात शेजारी सौदीत जे घडलं ते मला कुवेतपेक्षा जास्त बोलकं वाटतं. येमेनी लोकांना सौदी अरेबियात कफील लागत नसे. वर्षानुवर्षं ते तिथे दुकानं चालवत, गवंडीकाम करत, टॅक्सी हाकत, मनाला येईल तेव्हा काम बदलत. इराकच्या प्रश्नावर येमेनच्या सरकारने सौदीला हवी ती बाजू घेतली नाही. सौदीने ही सवलत काढून घेतली: दोन महिन्यांत कफील शोधा, नाहीतर निघा. साताठ लाख माणसं सामान बांधून, दुकानं मिळेल त्या भावाला विकून सीमेपार गेली. यात कुणाच्या नोकरीत काही बदल झाला नव्हता. फक्त एक कागद नव्याने लागू झाला, आणि तेवढ्याने एवढा लोंढा हलला. कुवेत परत मिळाल्यावर तिथल्या पॅलेस्टिनींचंही असंच झालं. दोन-दोन पिढ्या राहिलेली, शाळा आणि कचेऱ्या चालवणारी चार लाखांची वस्ती काही हजारांवर आली. पन्नास वर्षं राहिलात तरी रहिवास नोकरीपुरताच, आणि नोकरी राज्याच्या मर्जीपुरती.

मग बदल कसा सुरू झाला? कणवेने झाला, असं मानायला मी तयार नाही. पहिलं पाऊल टाकलं बहरीनने, आणि त्यामागे हिशेब होता. बहरीनचं तेल थोडं, तरुण बेकार. युवराज सलमान यांनी २००४ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीकडून अभ्यास करून घेतला. त्याचं सार असं: परदेशी कामगार स्वस्त पडतो तो नुसता पगारामुळे नाही, तो बांधलेला असतो म्हणून. त्याला सोडून जाता येत नाही, म्हणून मालक स्थानिकाला घेत नाही. तेव्हा परदेशी कामगार महाग करा आणि त्याला मोकळा करा. २००६ च्या कायद्याने श्रमबाजार नियमन प्राधिकरण निघालं, प्रत्येक परदेशी कामगारामागे मालकाला दरमहा १० दिनार भरावे लागू लागले आणि १ ऑगस्ट २००९ पासून मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येऊ लागली. नोकरी गेली तर दुसरी शोधायला ३० दिवसांची मुदत. कामगारमंत्री मजीद अल-अलावी यांनी जुन्या पद्धतीची तुलना जाहीरपणे गुलामगिरीशी केली. आखाती मंत्र्याच्या तोंडून असं येणं ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. व्यापारी मंडळी अर्थातच बिथरली. आम्ही पैसे खर्चून माणूस आणायचा, शिकवायचा आणि त्याने समोरच्या दुकानात जायचं? २०११ मध्ये बहरीनमध्ये उठाव झाला, सरकारला व्यापाऱ्यांची गरज लागली, आणि कायद्यात दुरुस्ती आली: संमतीशिवाय जायचं तर आधीच्या मालकाकडे निदान एक वर्ष काढलेलं असावं. घरकामगार तर २००९ च्या सुधारणेतही नव्हतेच.

एवढ्यात दुबईत दुसरा तमाशा झाला होता. २००८ च्या मंदीने बांधकामं थांबली, क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या. इथे झळ बसली ती पांढरपेशांनाही. नोकरी गेली की व्हिसा रद्द, व्हिसा रद्द झाल्यापासून महिन्याभरात देश सोडायचा, आणि गाडीचं किंवा क्रेडिट कार्डाचं कर्ज थकलं की चेक बाउन्स झाल्याबद्दल तुरुंगाची भीती. काही जण विमानतळावर गाडी सोडून पसार झाले. अशा गाड्या किती, यावर पुढे खूप वाद झाले. काहींनी सांगितलेला तीन हजारांचा आकडा पोलिसांनी मानला नाही. पण एसी केबिनमध्ये बसणाऱ्यालाही आपला कफील कोण आहे हे त्या हिवाळ्यात पहिल्यांदा आठवलं.

कतारची गोष्ट फुटबॉलने घडवली. २ डिसेंबर २०१० ला विश्वचषक कतारला मिळाला आणि जगाच्या वर्तमानपत्रांनी दोहाकडे माणसं पाठवली. उन्हात राबणाऱ्या नेपाळी, भारतीय, बांगलादेशी मजुरांच्या बातम्या येऊ लागल्या. पण युरोपच्या वाचकाला कफाला खऱ्या अर्थाने कळला तो झहीर बेलुनिसमुळे. हा अल्जीरियन वंशाचा फ्रेंच फुटबॉलपटू दोहाच्या एका क्लबकडून खेळायला आला होता. पगार थकला, त्याने कोर्टात धाव घेतली. क्लबने त्याचा देश सोडण्याचा परवाना अडवला. बायको आणि दोन लहान मुलींसह तो दोहात अडकून पडला. घरातलं सामान विकायला काढावं लागलं. त्याने झिदान आणि ग्वार्दिओला यांना जाहीर पत्र लिहून मदत मागितली. नोव्हेंबर २०१३ च्या अखेरीला तो कसाबसा पॅरिसला पोचला. त्याच कायद्याखाली लाखो गवंडी आणि प्लंबर होते, पण त्यांना झिदान ओळखत नव्हता.

२०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत कतारविरुद्ध तक्रार दाखल झाली. तीन वर्षं ओढाताण झाली आणि शेवटी कतारने संघटनेचंच कार्यालय दोहात उघडू दिलं. २००९ च्या कायद्यात मालकाच्या एनओसीशिवाय गेलेल्याला दोन वर्षं परत येता येत नसे. तिथपासून पुढे सरकत सरकत २०१८ मध्ये बहुतेक कामगारांचा देश सोडण्याचा परवाना गेला, २०२० च्या जानेवारीत घरकामगारांचाही गेला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये एनओसीच गेली. दोन वर्षांपेक्षा कमी नोकरी झाली असेल तर एक महिन्याची नोटीस, जास्त असेल तर दोन महिन्यांची, की कामगार मोकळा. महिन्याला किमान १,००० रियाल पगारही मार्च २०२१ पासून लागू झाला. विश्वचषक सुरू होईपर्यंत तीन लाखांहून अधिक नोकरी-बदलांना मंजुरी मिळाली.

पण कायदा राजपत्रात बदलतो आणि खिडकीवर तसाच राहतो. कतारमध्ये कामगार नोकरी बदलायचा अर्ज घेऊन गेला की त्याच्याकडे राजीनाम्याचं पत्र मागितलं जाऊ लागलं, आणि त्या पत्रावर मालकाचा शिक्का. कायद्यात तो शिक्का कुठेही नव्हता. मालक शिक्का मारायला तयार असता तर कामगाराला नव्या कायद्याची गरजच काय होती? फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या शूरा कौन्सिलने तर सरकारला शिफारस केली की कामगाराने किती वेळा नोकरी बदलावी यावर मर्यादा घाला. मालक मंडळींचा आवाज कुठून येत होता ते कळायला शूराची यादी वाचावी लागत नाही.

बाकीचे देश त्याच वाटेने आले, आपापल्या चालीने. ओमानने १ जानेवारी २०२१ पासून एनओसी काढून टाकली. सौदीने नोव्हेंबर २०२० मध्ये सुधारणा जाहीर केली आणि १४ मार्च २०२१ पासून एक वर्ष पूर्ण केलेल्याला मालकाला न विचारता नकल आणि खुरूज दोन्ही मिळू लागलं. ओजेरच्या माणसांना जे राजाच्या हुकुमाने मिळालं ते आता अर्ज करून मिळतं. अमिरातीचा नवा श्रम कायदा फेब्रुवारी २०२२ मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी नोकरी गेल्यानंतर देशात थांबायची मुदत महिन्यावरून वाढली; आता व्हिसाच्या प्रकाराप्रमाणे ती ६० दिवसांपासून १८० दिवसांपर्यंत जाते. एका महिन्यात माणूस सामानसुद्धा बांधू शकत नाही. दोन महिन्यांत निदान चार मुलाखती देऊन होतात. भाडं, मुलांची शाळा, बायकोचा व्हिसा, सगळं त्या एका व्हिसावर टांगलेलं असताना हे महिने किती मोलाचे आहेत ते शारजातल्या कुठल्याही मराठी घरात विचारून बघावं.

सौदीच्या सुधारणेच्या यादीत एक ओळ आहे: घरकामगार, घरचा ड्रायव्हर, माळी, शेतमजूर आणि मेंढपाळ यांना ती लागू नाही. म्हणजे मालकाच्या घराच्या आत किंवा वस्तीपासून दूर वाळूत, जिथे कुणी बघायला नसतं, नेमके तेच बाहेर. त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत आणि काही बाबतींत त्यांनाही नकल मिळते. पण पहिल्या दर्जाचं कलम त्यांच्या वाट्याला आलेलं नाही. हुरूबचंही नाव आणि रीत बदलली. मालकाने गैरहजेरी नोंदवली तरी कामगाराला दुसरीकडे लागायला ६० दिवस मिळतात. तक्रार करण्याचा मालकाचा अधिकार मात्र शाबूत आहे.

आणि कुवेत उलट्या दिशेने चाललंय. खासगी नोकरीतल्या परदेशी माणसाला १ जुलै २०२५ पासून देशाबाहेर पडायच्या आधी मालकाची परवानगी लागते, मग तो पंधरा दिवसांच्या सुट्टीवर रत्नागिरीला निघालेला का असेना. मनुष्यबळ प्राधिकरणाचं म्हणणं असं की कामगार मालकाला न कळवता निघून जातात, ते थांबवायचं आहे. अर्ज मोबाइलवरून करायचा. मालक त्याच्या मोबाइलवरून मंजुरी देतो.